टोपलीमागे दोन वाक्यं

हिराकाकी आज सकाळी गेली.

गोष्टी सांगणं तिने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. माझ्यामुळे.

हे मी कधी कुठे लिहिलं नाही. आज लिहितो.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. आमचं गाव पेण तालुक्यातलं, कासू स्टेशनवरून खाडीकडे गेलं की लागतं. नव्वदच्या दशकात गावातल्या निम्म्या बायका उन्हाळाभर मिठागरावर असायच्या. काकी मीठ टोपल्यांत भरून द्यायची. बाकीच्या त्या डोक्यावर घेऊन बांधावरून मोठ्या ढिगापर्यंत जायच्या.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा. गावात टीव्ही दोन. बायकांना स्वयंपाक, पोरं, म्हातारी माणसं. काकीला मूल नव्हतं आणि काका नागोठण्याला कंपनीत सेकंड शिफ्टला. त्यामुळे सिनेमा काकी बघायची आणि सोमवारी मिठागरावर सांगायची.

सांगायची म्हणजे टोपली भरेपर्यंत जेवढं होईल तेवढंच. दोन वाक्यं. की पुढची बाई हजर.

प्रत्येकीच्या वाट्याला वेगळा तुकडा. मग बांधावर येता-जाता अदलाबदल चालायची.

"तुझ्या टोपलीत काय आलं गो?"

"सासू आली. तुझ्या?"

"माझ्या टोपलीत नुसती गानी."

मी आज सिरियल लिहितो. एपिसोड कुठे तोडायचा, हे मला कुठल्या चॅनेलने शिकवलेलं नाही.

त्या वर्षी एक गोष्ट सगळ्यात जास्त चालली. मुलगा आईशी भांडून शहरात निघून जातो, एवढीच. सिनेमा अर्ध्यावर असताना लाइट गेली होती. शेवट गावात कोणीच पाहिला नव्हता.

काकी म्हणाली, "मना ठाव हाय पुढचा."

आणि सांगत राहिली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मधे दुसरे सिनेमे येऊन गेले, बायका ते ऐकेनात. त्यांना तोच पोरगा हवा होता. तो गोदीत कामाला लागला. आजारी पडला, बरा झाला. एका म्हातारीच्या बिऱ्हाडात जेवायला जाऊ लागला.

मी रोह्याला कॉलेजात होतो. तिथे व्हिडिओवर मी तो सिनेमा पूर्ण पाहिला. सुट्टीत घरी आलो आणि चार पैसे सुटतील म्हणून मिठागरावर गेलो.

काकी तेव्हा बायजाची टोपली भरत होती. बायजा आमची शेजारीण. तिचा दिलीप दोन वर्षांपूर्वी घरात भांडून मुंबईला गेला होता. पत्र नाही, निरोप नाही. हे मलाही माहीत होतं. पण एकाला एक जोडून बघायची अक्कल नव्हती.

"...आनि त्यानं आईला लुगडं घेतलं," काकी सांगत होती.

मी म्हणालो, "काकी, असलं काही नाहीये त्यात. तो मरतो शेवटी."

बायजा टोपली घेऊन गेली, ढिगावर ओतून परत आली.

"खरंच मेला?"

"हो."

"कसा?"

मी सगळं सांगितलं. गोळी कुठे लागते, तेसुद्धा. एकोणीस वर्षांचा होतो. अख्ख्या गावात एंड फक्त मला माहीत होता.

बायजाने टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिली.

ती रोज संध्याकाळी पेणहून येणाऱ्या एसटीसाठी थांब्यावर जायची. त्या दिवसापासून गेली नाही. बायकांनी परोपरीने समजावलं. सिनेमातला वेगळा गो, दिलीप वेगळा.

ती म्हणाली, "येवढे दिस तोच व्हता ना? मंग आता वेगला कसा?"

काकी मला रागावली नाही. रात्री ताटात भात वाढताना एवढंच म्हणाली, "सिनेमा तू नीट पाह्यलास. बायजाला पाह्यलास काय?"

दुसऱ्या दिवशी बायका तिच्या मागे लागल्या. "सांग ना गो हिरे."

"संपली ती."

"मंग दुसरी सांग."

"नाय येत."

टोपल्या भरत राहिली. गोष्ट पुन्हा नाही.

दिलीप कधीच आला नाही. चार वर्षांनी बायजा गेली.

आता मीटिंगमध्ये नवी मुलं विचारतात, "सर, एखादी स्टोरी एवढी पॉप्युलर का होते?" मी टायमिंगबद्दल बोलतो, नायिकेबद्दल बोलतो. ते लिहून घेतात.

मिठागराबद्दल बोलत नाही. तीसेक बायका एकीच्या पोराला जिवंत ठेवत होत्या, डोक्यावर मीठ आणि तोंडात दोन-दोन वाक्यं घेऊन. त्यांना कोणालाच शेवट नको होता. हे मी बोर्डवर कसं मांडणार?

गेल्या महिन्यात काकीला पेणला दवाखान्यात भेटलो. खूप क्षीण झाली होती. इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते बोललो.

"काकी, मी चुकलो. त्या पोराचं पुढे काय झालं, सांग ना."

ती म्हणाली, "तूच सांग, बाला. तुझा धंदाच हाय."

मी म्हणालो, "तो घरी आला."

"कनच्या गाडीनं?"



रोज ठरल्या वेळी पानं पाठवणारा माणूस मी. एक गाडी सुचली नाही. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, वेळ झाली. काकी कुशीवर वळली.

काकी, तो सकाळच्या रोहा गाडीनं आला.

कासूला उतरला. घ्यायला कोणी नव्हतं, त्याने कळवलंच नव्हतं. उन्हातून चालत आला. आईने आधी शिवी दिली, मग पाणी दिलं. मग शेजारपाजारच्या सगळ्या बाया आल्या आणि त्याला कोणी धड जेवू देईना.

एवढंच जमलंय. उशिरा जमलंय.

हिराकाकी, तुला शेवटचा नमस्कार.