असाच बोलला ना तो?

सुजाताचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या सिग्नलला उभा होतो. "अण्णा उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. सुजाता माझी बायको, अण्णा तिचे वडील. सासूबाई गेल्यापासून रोडपालीला आमच्याकडेच असत. मी गाडी वळवली आणि घरी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर येत राहिली ती सिनेमाची तिकीट खिडकी. आता अण्णांना जाऊन दीड महिना झाला. अजूनही तीच येते… तिला बघून बघून मी दमलो आहे.

अण्णा मूळचे उरणकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ओवे गावाच्या बाजूला खडीच्या क्रशरवर काढली. दगड फुटण्याच्या त्या आवाजानं कान नेले. कानाचं मशीन आणून दिलं तर आठवड्यात काढून ठेवलं. "सगळ्यांचं चावनंच ऐकू येतं त्यात," म्हणाले. "जावई, तू जेवतोस का ऊस गाळतोस?" टीव्ही कितीही मोठा केला तरी त्यांना तो नुसता गलका. मग एकदा सुजाताच्या हट्टावरून मी त्यांना पनवेलला, मॉलमधल्या अवाढव्य पडद्याच्या थिएटरात हिंदी सिनेमाला नेलं. आवाज बाजूंनी, डोक्यावरून, पाठीमागून यायचा; ढोल वाजला की खुर्चीचा हात थरथरायचा, छातीत घुमायचं. माझं तर डोकं दुखायला लागलं. अण्णा मात्र पुढे झुकून बसले होते. नायिकेच्या बापानं काहीतरी विनोद केला, सगळं थिएटर हसलं आणि त्याच क्षणी अण्णाही हसले. घरी आमचं हसून झालं की मग ते आमच्या तोंडांकडे बघून हसत. बाहेर पडताना सरकत्या जिन्यावर माझा दंड धरून म्हणाले, "एक शब्द नाय सोडला आज!"

मग ते ठरूनच गेलं. महिन्यातून एकदा तरी जायचं. हिंदी, मराठी, दक्षिणेतला डब केलेला, काहीही चालायचं. अडचण एकच होती. बहिऱ्या माणसाची कुजबुज चार रांगांना ऐकू जाते. पडद्यावर कुणी जोरदार वाक्य टाकलं की अण्णा माझ्याकडे वळून ते जसंच्या तसं म्हणत, आणि वर विचारत, "असाच बोलला ना तो?" मी "श्श!" करायचो. मागून कुणीतरी म्हणायचं, "काका, तिकीट सिनेमाचं काढलंय आम्ही, तुमचं नाय!" लोक हसत. अण्णांना ते ऐकू येत नसे, मला येई. शरम वाटायची… मी त्यांच्यापासून लांबची खुर्ची घ्यायला लागलो. "शेजारी शिल्लक नव्हत्या, अण्णा," असं त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचो.

शेवटच्या वेळी खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, शेजारशेजारच्या दोन आहेत की." मी नकाराची मान हलवली आणि लांबच्याच मागितल्या. क्रशरच्या गोंगाटात राहिलेली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. तरी मागे वळेपर्यंत ते माझ्या ध्यानात आलं नाही. अण्णा त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होते. मध्यंतरात पॉपकॉर्नचा डबा माझ्या हातात देत म्हणाले, "तू तिकडंच बस. तुला निवांत बघायला भेटंल." उरलेल्या सिनेमात त्यांचा आवाज एकदाही आला नाही. पुढच्या वेळी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या वेळीही. मीही आग्रह केला नाही… घरी बसले तर बरंच, असंही मनात आलं होतं. ते इथे लिहितो आहे, कारण सुजातालाही एवढं सांगायचं धाडस झालं नाही.

बाकीचं सांगितलं; दहावं झाल्यावर. वाटलं, रागावेल. ती बराच वेळ चादरीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ते सिनेमाबद्दल बोलत नसायचे हो. स्वतःला नीट ऐकू आलं का, ते विचारायचे. आधी आईला विचारायचे. तुम्ही नुसतं 'हो' म्हटलं असतं ना, गप्प बसले असते."

मान हलवली असती तरी चाललं असतं.

घरात आता कमी ऐकू येणारं कुणी नाही. तरी आम्ही दोघं अजून मोठ्यानंच बोलतो, समोरासमोर उभं राहून, वाक्यं तोडून तोडून. परवा मी भाजी कुठली आणू म्हणून विचारलं, तर सुजाता म्हणाली, "ओरडता कशाला? मी बहिरी आहे का?" मी पिशवी घेऊन दारापाशी पोचलो, तेव्हा स्वयंपाकघरातून तिनंच हाक दिली, अण्णांना द्यायची तेवढ्या आवाजात, "वांगी! वांगी आणा!"

"हो," मी म्हणालो. खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.