गिरजाकाकूचा पंप

१९३८ साल होतं आणि मी चोवीस वर्षांचा होतो. भर उन्हाळ्यात आमची शेजारीण गिरजाकाकू आपल्या तळघरातल्या कोरड्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतायची आणि वर अंगणात येऊन तेच पाणी हातपंपानं बाहेर काढायची. साखरखेर्ड्याची आमची गल्ली हसायची. मीही हसायचो. एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याच्या पोटात चामडं आहे. वाळलं का आखडते. तुह्यावानी."

तिचा नवरा कापसाच्या जिनात मिस्त्री होता. पावसाळ्यात तळघरात झरे फुटत, म्हणून त्यानं हा जुना पंप आणून बसवला होता. तो गेला, मूलबाळ नव्हतं, मागे राहिला पंप. दर उन्हाळ्यात काकू तो स्वतः खोलायची, आतलं चामड्याचं वायसर जवसाच्या तेलात भिजत ठेवायची, खालच्या नळाची जाळी काथ्यानं घासायची. कोणी आल्या आल्या दांडा हापसायला लागलं की हात धरायची. म्हणायची, "पहिले त्याले लोटाभर पाणी पाज, मंग माग." तिचं तळघर इतकं कोरडं राही, की गल्लीतली चार घरं रब्बीचं बियाणं तिथंच कणग्यांत ठेवत. आमचा गहू-हरभराही तिथंच होता.

त्या वर्षी खंडेनवमीला पंपाची पूजा मीच केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, दांड्याला सूत गुंडाळलं. पूजलेल्या अवजाराला आमच्याकडे दसऱ्याचा दिवस सरेस्तोवर कोणी हात लावत नाही. वखर, तिफण, विळे सगळे भिंतीशी बसलेले. आणि दुपारी पाऊस कोसळला. असा, की तासाभरात तळघराचा खड्डा भरून पाणी फरशीवर आलं.

कणग्या माणसाएवढ्या, जिना अरुंद. त्या रिकाम्या करायला दिवस गेला असता. पेरणी आठ दिवसांवर आली होती आणि घरात दुसरं बियाणं नव्हतं. तरी मी पंपाला हात लावू देईना. घागर घेऊन पाणी उपसायला लागलो. एक घागर वर नेईपर्यंत खाली दोन घागरी पाणी येई. काकूनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, तुझ्या बायकोच्या या घागरीची पूजा करायची राहिली का रे?

मग ती पंपाजवळ गेली. मी आडवा आलो.

"काकू, आज देवाचं आहे ते."

"हाव, देवाचं आहे. मंग बियाणं बुडून राह्यलं, ते का देव नुसतं पाहत बसन?"

"पाप लागलं तर?"

"लागू दे मले. माह्या मांगं कोण आहे ते भोगाले?"

मी बाजूला झालो, पण दांड्याला हात लावला नाही. तिनं माळ काढून खुंटीला अडकवली, सूत सोडलं, लोटाभर पाणी ओतलं आणि हापसायला लागली. साठीची बाई वर दांड्याशी आणि मी तरणाताठा घागर घेऊन जिन्यात. जाता-येता एकमेकांकडे पाहिलं नाही. दिवेलागणीला पाणी कणग्यांखालच्या दगडांवरून उतरलं. बियाणं वाचलं. मी घागर उपडी केली आणि घरी गेलो. हट्ट माझा जन्माचा आहे. पुष्कळ ठिकाणी तो मला शोभला. तिथं शोभला नाही. काकू जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पाहतो तर झरे चालूच, पाणी पुन्हा फरशीवर. काकू पंपाशी उभी होती आणि तिचा उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. डाव्या हातानं दांडा धरू पाहत होती. समोर आमच्या ओट्यावर बाप धुतलेलं धोतर नेसून बसलेला, आजूबाजूला गल्लीतली माणसं. मी चपला काढून अंगणात गेलो. बापानं ओट्यावरून हाक मारली, "सख्या, सण आहे आज."

ऐकलं मी. काकूला बाजूला बसवलं, दांडा हातात घेतला आणि तळघराची फरशी दिसेपर्यंत सोडला नाही.