दोन पत्रांमधली जागा

वेखंडाचा उग्र, किंचित गोडसर वास, त्याखाली जुन्या कागदांचा कोंदट दरवळ, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हानं कोमट झालेलं मांजरपाटाचं कापड. धुळ्याच्या त्या हस्तलिखितांच्या संग्रहात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. देवळात शिरताना काढावी तशी मी दारातच चप्पल काढली. आत देव नव्हता. भिंतीभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना तिथं रुमाल म्हणत.

त्या रुमालांत राजांच्या सनदा होत्या, संतांच्या पोथ्या होत्या, आणि त्यांच्याच पंक्तीला आता माझ्या वडिलांची पत्रं बसणार होती. नाना अमळनेरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. आलेलं प्रत्येक पत्र वाचून झालं की ते पडवीतल्या तारेच्या आकड्यात ओवायचं, हा त्यांचा नेम. तार भरली की दुसरी. आई म्हणायची, या माणसाच्या हाती बाजारची पुडी दिली तरी तो तिचा कागद ओवून ठेवील. मी धुळ्याच्या शाळेत शिकवायला लागले आणि बोलता बोलता या तारांची गोष्ट संग्रहाच्या भाऊंच्या कानी गेली. भाऊ म्हणजे तिथले सर्वेसर्वा, पिकल्या मिशांचे, मितभाषी. ते म्हणाले, "सनदा पुष्कळ आहेत, बाई. माणसं एकमेकांना काय लिहीत होती, ते कुणीच राखत नाही. आणा." मला हसू आलं. आमच्या पत्रांत असं काय होतं? इकडील सर्व क्षेम, कपाशीला बोंडं बरी धरली, म्हैस व्याली, पाचोऱ्याच्या काकूला बाजरीचे पापड पाठवणे.

पण भाऊंनी एकेक कार्ड तारेतून सोडवून, दोन्ही तळव्यांवर घेऊन, मऊ कुंच्यानं धूळ झाडून रुमालात रचायला घेतलं, आणि माझं हसू मावळलं. प्रत्येक पत्राच्या मध्यभागी तारेचं भोक होतं आणि भोकाभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ. सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्यासमोर बसून ती पत्रं वाचू लागले. काय सांगू तुम्हाला! ज्यांना मी केवळ थकलेली, खोकणारी म्हातारी माणसं म्हणून ओळखत होते, ती तिथं तरुण होती, रुसत होती, पाळण्याचं आमंत्रण धाडत होती, हळदीकुंकवाची बोटं लावून लग्नाच्या तिथी कळवत होती. काळ नावाचं अजस्र चक्र कुणासाठी थांबत नाही असं आपण मुलांना शिकवतो. मग हा चार आण्यांच्या तारेवर थांबलेला काळ कुणाचा? मी स्तिमित होऊन वाचत राही, आणि शाळेच्या वह्या तपासायच्या राहून जात.

एके दिवशी भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, एक विचारू? तुमच्या घरात चाळीस वर्षांत कुणी मेलंच नाही का?"

मी चपापले. खरंच की! रुमालात बारशी होती, लग्नं होती, भांडणंही होती, मरण नव्हतं. उलगडा मला लगेच झाला, आणि भाऊंनाही तो आधीच ठाऊक असणार. दुखवट्याचं पत्र आपण घरात ठेवतो का? माथ्यावर श्री नसलेलं ते कार्ड उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मग घरात यायचं. कागद फाडणं म्हणजे पाप मानणारे नानासुद्धा तेवढं पत्र फाडत. म्हणून या रुमालात माणसं मरत नाहीत, नुसती गप्प होतात. पाचोऱ्याच्या काकूचे 'अनेक आशीर्वाद' वर्षानुवर्षं पत्राच्या शेवटी येतात, आणि मग एका पत्रापासून ती ओळ नसते. तेवढंच.

ही गोष्ट मी सहज घरी लिहिली आणि ती आक्काच्या कानावर पडली. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, पारोळ्याकडच्या खेड्यात दिलेली, एकट्या हिमतीवर कपाशी पिकवणारी, आणि अक्षरओळख नसलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, ऐन तारुण्यात सुरतेकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला गेले होते. तिला वाचता येत नसे म्हणून ते पत्र नानांना धाडत आणि नाना तिला वाचून दाखवत. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत ते तिकडेच गेले. बरोबरच्या कामगारानं कळवलं, तेही नानांच्याच पत्त्यावर. त्या दिवसांत तसली पत्रं एकामागून एक येत होती. नाना वाचत, फाडत, अंघोळ करत. त्या कल्लोळात दाजींची तिथी कुणाच्याच ध्यानात राहिली नाही. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान सर्वपित्रीला, साऱ्या अनामिकांबरोबर. पाळण्यात असलेला मुलगा मोठा झाला, बापाचं श्राद्ध घालू लागला, पण अमावास्येलाच. आक्काला ते आयुष्यभर सलत होतं. आपल्या माणसाला वर्षाचा एक दिवस त्याचा स्वतःचा असू नये का?

तर आक्का नानांना घेऊन एस्टीनं धुळ्याला आली. संग्रहाच्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि आमच्या साऱ्या कागदांकडे बोट करून भाऊंना म्हणाली, "नाना बठ्ठा कागद राखस. त्यामा त्यासनी तिथी सापडी का?"

भाऊंनी त्या सालाचा रुमाल सोडला. दाजींची पत्रं निघाली आणि मी ती वाचू लागले. सुरतेकडचं पाणी गोड आहे पण भाकरी मिळत नाही. मुलाला दात आले का? पदर सांभाळून चुलीशी बसत जावे. आक्का हलली नाही की तिनं डोळे पुसले नाहीत. एखादी मुलगी शाळेत धडा ऐकते तशी ऐकत होती. अखेरच्या पत्रात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो असं होतं. त्याच्या पुढचं पत्र कुणाच्या तरी बैलाबद्दल, आणि त्यात खाली, 'आक्कास धीर द्यावा'.

भाऊंनी शिक्के तपासले, कागद उजेडात धरले, आणि शेवटी मान हलवली. "या दोन पत्रांच्या मध्ये कुठंतरी, आक्का. याहून जवळ मला जाता येत नाही."

आक्कानं ती दोन पत्रं होती तशी एकावर एक ठेवायला लावली, आणि त्यांच्या मधल्या फटीत आपलं बोट घातलं. बराच वेळ ते तिथंच होतं. मी आजवर पुष्कळ तीर्थं पाहिली. इतकी पवित्र जागा मला कुठं दिसली नाही.

नाना भिंतीशी उभे होते. ते पुढे आले. "आक्का, ते पत्र मीच फाडलं."

"फाडतसच बठ्ठा," आक्का म्हणाली. "तू एकलाच का?" मग उठता उठता माझ्या खांद्यावर हात टेकून हळूच म्हणाली, "मना कागद एक तरी ठेवजो व माय."

आक्का गेली ती त्यानंतर काही वर्षांनी, ऐन थंडीत, कापूस घरात येऊन पडला असताना. नाना तेव्हा थकले होते, तरी दुखवट्याची सगळी कार्डं त्यांनी स्वतः लिहिली. गावोगावच्या उंबऱ्यांबाहेर ती वाचली जाणार होती आणि फाडली जाणार होती. आपल्या मरणाचा एक तरी कागद राहावा, हे आक्काचं मागणं मी त्यांना सांगितलं होतं; एक कार्ड त्यांनी संग्रहाच्या पत्त्यावर टाकलं.

ते पोचलं तेव्हा मी तिथंच होते. माथ्यावर श्री नाही हे पाहून भाऊ पायरीवरच थांबले. उभ्यानं वाचलं. कार्ड कट्ट्यावर ठेवून मागच्या विहिरीवर गेले, अंगावर पाणी घेऊन आले, आणि ओल्या केसांनीच त्यांनी आमचा रुमाल सोडला. रीतही मोडली नाही आणि कागदही फाटला नाही. मग ते पत्र त्यांनी वाचण्यासाठी माझ्या हाती दिलं.

नानांचं अक्षर स्वच्छ होतं. आक्का मार्गशीर्ष वद्य पंचमीस देवाघरी गेली. आणि त्याखाली, जागा सोडून, आणखी एक ओळ: दाजींची तिथी माझ्या हातून हरवली, यापुढे त्यांचेही पान याच दिवशी, तिच्या शेजारी.