शिंगणापुरात दार लावताना

बंगळूरची नोकरी सोडताना मी निरोपाचं भाषण केलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. सामोसे संपवून लोक निघायच्या बेतात होते. दोन शब्द बोलून बसायचं होतं. पण हातात माईक आला की मला एकदम देश दिसायला लागतो. 'साध्यासुध्या चिपसुद्धा किती दिवस बाहेरून आणायच्या?' इथून सुरू केलं आणि 'देशाला आपली चिप दिल्याशिवाय या इमारतीची पायरी चढणार नाही' इथं येऊन थांबलो. टाळ्या पडल्या. साहेबांनी टाळ्या संपायच्या आत माझं ओळखपत्र मागून घेतलं.

कल्पना मात्र खरी होती. शेतावरच्या चाळीत साठवलेला कांदा आतून सडायला लागला की बाहेर कळेपर्यंत उशीर होतो. चाळीतला ओलावा आणि सडका वास ओळखून मोबाईलवर कळवणारी स्वस्त चिप मी आखली होती. चिप देशातच घडाव्यात म्हणून नव्या कल्पनांना सरकार अनुदान देतं, त्याचा पहिला हप्ता मिळाला. त्यातून नमुने करून घेतले. दुसऱ्या हप्त्याआधी समिती येऊन माझी तपासणीची खोली बघणार होती. खोलीत धूळ नको, एवढीच अट. नापास झालो तर अनुदान बंद, चिप बंद, आणि उरलेला जन्म ते भाषण आठवत बसायचं.

खोली मी फुकटात मिळवली. सासऱ्यांची. त्यांची शिंगणापुरात रसवंती आहे. पुढं गाड्यांचं पार्किंग, मध्ये बैलाचा लाकडी घाणा, मागं ही खोली. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे मला लग्नापासून माहीत होतं. बिनधुळीच्या खोलीला एकामागे एक अशी दोन दारं लागतात हे तर मीच अर्जात लिहिलं होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहत होत्या, त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

"मामा, कडी नाही, कुलूप नाही, नुसतं दार."

"पाव्हणं, दार म्हंजे दारच. आमच्या आज्यापासनं हितं दार न्हाई. आता तुमच्या चिपसाठी लावू व्हय?"

"अहो, चोरासाठी नाही, धुळीसाठी!"

"मंग पडदा लावा की."

मी त्यांना रोज समजावू लागलो. चिपवर पडलेला धुळीचा कण म्हणजे तुमच्या वावरात मधोमध आलेला डोंगर, वगैरे. ते रस गाळत शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "आलं टाकू का?"

शेवटी दूध डेअरीच्या थंड खोलीला असतात तसल्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या टांगल्या. मग बैलाचा प्रश्न आला. तो घाण्याभोवती फिरू लागला की सूक्ष्मदर्शकाखाली चिप नाचायची. उपाय म्हणून मी जाडजूड काळ्या ग्रॅनाइटची शिळा मागवली. तिच्यावर यंत्र ठेवलं की हादरे बसत नाहीत. टेम्पोवाल्यांनी ती शुक्रवारी आणली, खोलीतल्या विटांच्या ओट्यावर उभी केली आणि "आडवी करायला उद्या येतो," म्हणून गेले.

"अहो, समितीला शनिवारी कशाला बोलावलंत?" बायको म्हणाली. "त्यात अमावस्या."

"विज्ञानाच्या माणसानं वार बघायचा नसतो," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे जे बघितलं, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं.

शनिअमावस्येचं शिंगणापूर. बिनदाराची खोली. ओट्यावर उभी काळी शिळा. शेजारी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, फक्त डोळे उघडे ठेवून उभा असलेला मी. पार्किंगमध्ये गाडीतून उतरलेल्या एका जोडप्यानं चपला बाहेर काढल्या, पट्ट्या सारून आत आलं, हात जोडले आणि शिळेवर तेल वाहिलं.

"अहो, हे ते नाही! ते पुढं आहे!" मी ओरडलो. पण तोंडावरच्या मास्कमुळे ते मंत्रासारखं काहीतरी निघालं असावं, कारण दोघांनी अजूनच वाकून नमस्कार केला. त्यांच्यामागे एक आजी होत्या. त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला. मी घेतला. कुणी नारळ दिला की आपण घेतोच. तीच माझी चूक. नारळ घेणारा माणूस बघितल्यावर रांगच लागली. बिचारी माणसं भाविक, शिस्तीची. घोटाळा सगळा माझा. कुणी रुईच्या पानांचा हार घातला, कुणी अगरबत्ती खोचली. सासरे बाहेर कपाळाला हात लावून लोकांना वळवत होते, पण बैल सोडून त्यांना येता येईना.

रांगेतल्या एका बाईंनी पुढं येऊन विचारलं, "प्रयोगशाळा कुठे आहे हो?" समितीच्या मॅडम! मागे त्यांचे सहकारी, हातात तेलाची बाटली घेऊन.

मी मास्क काढला. मॅडमनी धूळ मोजायचं यंत्र सुरू केलं. ते जे कोकलायला लागलं ते थांबेना.

"बिघडलंय का?" मी आशेनं विचारलं.

"नाही. अगरबत्ती," सहकारी म्हणाले आणि बाटली पाठीमागे लपवली.

मॅडमनी चिप मात्र नीट तपासली. "चिप चांगली आहे. ही खोली नाही. महिन्यात दुसरी दाखवा, नाहीतर हप्ता रद्द."

ते गेल्यावर मी तेलकट शिळेशेजारी नारळ घेऊन बसलो. सासरे रसाचा ग्लास घेऊन आले.

"लई वंगाळ झालं. मी म्हन्तो, गावच्या शिवंच्या पल्याड, घोडेगावच्या वाटंला आपली पक्की खोली हाय. पेंडीची पोती हायती, ती काढतो. तिथं दोन लावा, चार लावा, दारं."

"मामा! हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी नुसतं सांगतच हुता."

पोती निघाली, भिंती रंगल्या, शिळा घासूनपुसून आडवी झाली. विजेवर चालणारी दोन काचेची दारं बसवली. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, मधल्या बोळकांडीत वारा अंगावरची धूळ झटकतो. मॅडम आणि सहकारी पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना ऐटीत बोळकांडीत नेलं. मागचं दार बंद झालं. पुढचं उघडणार, तोच लाईट गेली.

यंत्रांना बॅटरी होती. चिपला होती. दाराला लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मामा!" मी काचेवर थापा मारल्या. "बाहेरून दांडा आहे, तो ओढा!"

सासऱ्यांनी काचेला नाक लावून दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाव्हणं, कुठला दांडा? मला दाराची सवय न्हाई."

त्यांनी ढकललं, सरकवलं, एकदा वर उचलायचाही प्रयत्न केला. आत मॅडमनी बॅटरीवरचं आपलं धूळ मोजायचं यंत्र सुरू केलं होतं. यंत्र गप्प होतं. शेवटी सहकारी त्याच्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, बाहेरून आत काहीच येत नाहीये."

"आतून बाहेरही," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "बोळकांडीतच धूळ नाही, म्हणजे खोली पास. आता बाहेर कसं पडायचं ते बघा."

बाहेर सासऱ्यांना दांडा सापडला होता. त्यांनी काचेवर टकटक केली.

"उघडू का? का तुमचं अजून सांगायचं चाललंय?"