दर दहावी चिठ्ठी

औषधाच्या खिडकीवरून परतणाऱ्या माणसाला त्या थांबवायच्या, त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर आपला तळहात पालथा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अब बिना देखे बताइए, कौन-सी गोली कब खानी है?" निम्मे लोक नुसते गोळ्यांकडे बघत राहायचे. त्या वहीत फुली मारायच्या आणि मग सगळं समजावून सांगायच्या.

दिल्लीतल्या आमच्या सरकारी इस्पितळात त्या फार्मासिस्ट होत्या. मूळच्या नागपूरकडच्या. मी रेकॉर्ड रूममधला कारकून. तिथे मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांचा 'भाऊ' आणि त्या माझ्या 'ताई'. अशी बाई तुमच्याही ऑफिसात असेल. तिला लांबून पाहिलं की लोक जिना बदलतात.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी ठरवलं, आपले डॉक्टर गरजेपुरतीच औषधं लिहितात का, ते मोजायचं. एका चिठ्ठीवर औषधं किती, साध्या सर्दीला अँटिबायोटिक किती वेळा, इंजेक्शनं किती. मला म्हणाल्या, "भाऊ, कार्बन-प्रतींच्या गठ्ठ्यांतून दर दहावी चिठ्ठी काढा. निवडायची नाही, फक्त मोजायची."

आता, मी पहाडगंजच्या मराठी शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेला माणूस. बायको अजून त्यावरून टोमणे मारते. दहावी चिठ्ठी गिचमिड निघाली की मला वाटे, ताईंच्या डोळ्यांना कशाला त्रास? मी ती मागे सरकवून शेजारची स्वच्छ काढायचो. सात-आठ औषधांची दाटी असलेल्या चिठ्ठ्या अशा सगळ्याच मागे राहिल्या.

निकाल झकास आला. अधीक्षकांनी मीटिंगमध्ये समोसे मागवले. ताई मात्र तिथून थेट माझ्याकडे आल्या.

"भाऊ, इतक्या चांगल्या अक्षराचे डॉक्टर आपल्याकडे कधीपासून?"

शाबासकी मिळेल या आशेनं मी सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या.

"चला, गठ्ठे काढा. पहिल्यापासून."

"अहो ताई, रिपोर्ट पास झाला. समोसेही खाऊन झाले!"

"खाल्ले तर खाल्ले. खोट्या रिपोर्टवर माझी सही राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या अधीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. मी मागे, घाम पुसत. "सर, वो रिपोर्ट गलत है. पर्चियाँ मुझे खुद निकालनी चाहिए थीं." माझं नावही घेतलं नाही.

साहेब वैतागले. "मैडम, जाते-जाते सबसे दुश्मनी क्यों?"

"सर, दवा तो मरीज खाता है."

मग रोज ड्यूटी संपल्यावर त्या माझ्यासमोर बसायच्या. मी दहावी सोडून अकरावीला हात घातला की पेन्सिल टेबलावर आपटायच्या. या वेळचा निकाल वाईट आला. ज्याचा आकडा त्याला, असे त्यांनी डॉक्टरांना बंद लिफाफे वाटले. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना. मी बसायचो, पण मी काय, भित्रा माणूस, पाठ दाराकडे करून.

सगळ्यात वाईट आकडा मेडिसिनच्या सीनियर डॉक्टरांचा होता. येईल त्याला ताकदीचं इंजेक्शन लिहायची त्यांना सवय.

निरोप समारंभाला मोजकीच माणसं आली. केक कापणार, एवढ्यात ते डॉक्टर आत आले. हातात फुलं नव्हती. त्यांनी स्वतःच्या त्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ताईंपुढे ठेवला.

"मैडम, गिन लीजिए. जैसे आप गिनती हैं, वैसे ही."

ताईंनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि मोजायला बसल्या. कुणी खुर्ची पुढे केली, तरी डॉक्टरसाहेब तेवढा वेळ उभेच राहिले.