सुतकातली गोळी

सन २०२३. माझं वय त्र्याहत्तर. त्या उन्हाळ्यात माझा देवीवरचा विश्वास उडत चालला होता. आमच्या घराण्यात असं कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीही बोललो नव्हतो. पण मनात रोज तेच.

त्याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हळू चालणारा आहे, घाबरू नका, रोज एक गोळी घ्यायची, जेवणावर घ्यायची, आणि जन्मभर घ्यायची. मी विचारलं, बाकी काही? त्या म्हणाल्या, बाकी काही नाही, फक्त एकही दिवस चुकवायचा नाही. मला हसू आलं. तीर्थपुरीजवळ माझी मोसंबीची बाग आहे. कोणत्या झाडाला कोणत्या साली किती फळ धरलं, हे मी पाटी-पेन्सिलीशिवाय सांगतो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण डोकं शाबूत आहे. एक गोळी लक्षात ठेवायला काय लागतं?

पण पहिल्याच महिन्यात चार वेळा विसरलो. मुलानं, दत्तानं, मोबाईलमध्ये गजर लावून दिला. तो वाजायचा तेव्हा मी विहिरीवरच्या मोटारीपाशी असायचो, बंद करायचो आणि विसरायचो. मंग सुनबाई जेवताना विचारायला लागली, "मामा, गोळी घेतली का?" एकदा गावातली चार माणसं ओसरीवर बसलेली असताना तिनं आतून तेच विचारलं. मला ते लागलं. मी तिला सांगितलं, "मी काय लेकरू आहे का? आजपासून माझ्या गोळीचं नाव कोणी काढायचं नाही." तिनं काढलं नाही. आमच्या घरात माझा शब्द मोडत नाहीत, ही त्या वेळी मला अभिमानाची गोष्ट वाटायची.

मी माझा उपाय काढला. गोळ्यांच्या पट्ट्या देवघरात ठेवल्या. बायको वारल्यापासून देवपूजा मीच करतो, माझ्याशिवाय देवघराला कोणी हात लावत नाही. संध्याकाळी दिवा लावायचा, आरती करायची, जेवायचं, आणि देवीपुढची गोळी प्रसाद म्हणून घ्यायची. आरती माझी चाळीस वर्षांत चुकलेली नाही, म्हणजे गोळीही चुकणार नाही. उपाय बराबर होता. वर्षभरात रक्तातला आकडा खाली आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मीही सप्त्यात चार लोकांना सांगितलं की देवीचा हात लागलेली गोळी आहे.

त्यानंतर आकडा वर जायला लागला. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचो, आणि दर वेळी थोडा जास्त. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "बाबा, गोळ्या उरतात का?" मी म्हणायचो, "न्हाई." "एकही दिवस चुकला नाही ना?" "न्हाई." शेवटी त्या म्हणाल्या, मंग हे औषध आता लागू पडत नाही असं धरावं लागेल. हाडातला मगज काढून तपासू आणि दुसरी, जास्त भारी गोळी सुरू करू. ती हृदयाला जड जाते, पण इलाज नाही. पुढची तारीख दिली.

घरी येताना मी मनाशी ठरवलं की भारी गोळी घ्यायची नाही, आणि हीही बंद. देवीपुढं ठेवून, तिच्या हातची म्हणून घेतलेली गोळी लागू पडत नसेल तर त्याचा अर्थ सरळ आहे, तिनं हात काढून घेतला. मंग ओढून-ताणून जगायचं कशाला? दत्ताला हे सांगितलं नाही. तारखेच्या आदल्या दिवशी एकटाच एसटीनं अंबडला गेलो. मत्स्योदरी आमची कुलदेवी. तिला एकदा तोंडावर विचारायचं होतं.

ऊन कडक होतं. टेकडीच्या पायऱ्या मी तीनदा बसून चढलो. दर्शन चांगलं झालं, गर्दी नव्हती. हात जोडून म्हणालो, तुझ्या मनात काय आहे ते सांग, ठेवायचं का न्यायचं. फूल पडलं नाही, अंगावर काटा आला नाही, काही झालं नाही. पुजारी प्रसाद देऊन दुसऱ्या माणसाकडं वळला. मी जसा गेलतो तसाच खाली उतरलो.

खाली, पायऱ्यांपासून जरा बाजूला, लिंबाखाली एक म्हातारी बसली होती. माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, मांडीवर भाकरीचं फडकं. मी चपला घालायला टेकलो तर म्हणाली, "दादा, पाणी हाय का? लेक वर गेली अन् बाटली तिच्या पिशवीतच गेली. घास उतरून नाही राह्यला."

मी बाटली दिली. म्हटलं, "तुम्ही वर न्हाई गेल्या?"

"मला सुतक हाय. दीर गेला परवा. लेकीचा नवस होता, तिचं सासर येगळं, तिला सुतक न्हाई. मी आपली सोबतीला आले. देवीला खालूनच हात जोडले. तिला काय दिसत न्हाई का?"

असं म्हणून तिनं भाकरी संपवली, फडक्याच्या गाठीतून एक पट्टी काढली, गोळी फोडली आणि माझ्या पाण्यानं गिळली. मी सहज विचारलं, कशाची? ती म्हणाली, "छातीतल्या गाठीची. आपरेशन झालं. आता पाच वर्सं रोज एक."

मी गप बसायला पाहिजे होतं. पण मला राहवलं नाही. म्हटलं, "सुतकात गोळी घेता?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच काहीतरी चुकीचं खाल्लं आहे. "मंग? सुतक आलं म्हणून आजार दहा दिवस गावाला जातो का?"

"तसं न्हाई. माझीही रोजची गोळी हाय, रक्ताच्या कॅन्सरची. देवघरात असती. सुतकात देवाला हात लावत न्हाईत, तर गोळीही…"

"देवघरात?" ती हसायलाच लागली. "अहो दादा, तिथं कशाला ठिवली? देवाला झाला का कॅन्सर?"

मला राग आला. "बाई, आमच्या घरात सोवळंओवळं हाय. तुमच्यासारखं न्हाई."

"असू द्या की. सुतकात भाकर सोडता का?"

"न्हाई."

"तंबाखू?"

मी खिशावरचा हात काढून घेतला. तिनं ते बघितलं.

"भाकर चालती, तंबाखू चालती, अन् एक गोळीच तेवढी सोवळ्यातली! मी पट्टी भाकरीच्या दुरडीत ठिवते. देवाबिगर माणूस लई दिवस काढतंय दादा. भाकरीबिगर दोन दिवस न्हाई काढत." मंग आवाज खाली आणून म्हणाली, "भावकी मोठी हाय का तुमची?"

"ऐंशी घरं."

"आगं बाई," ती म्हणाली, आणि फडकं झटकायला लागली. ऐंशी घरं म्हणजे सुतकं किती, हे तिनं माझ्याआधी मोजलं होतं.

तेवढ्यात तिची लेक उतरली. दोघी स्टँडकडं गेल्या. लोक अशा वेळी सांगतात की मागं वळून बघितलं तर कोणी नव्हतं. मी मागं वळून बघितलं तर ती होती. स्टँडवर बदनापूरच्या बाजूच्या गाडीत चढताना वयाच्या दाखल्यावरून कंडक्टरशी भांडत होती, आणि जिंकली. देवी आधारकार्ड काढून दाखवत नाही, एवढं मला कळतं. ती एक बाई होती, आणि तिला तहान लागली होती.

माझ्या गाडीत खिडकीपाशी बसून मी मोजायला लागलो. ऐंशी घरांत वर्षाकाठी माणसं जाणारच. तात्या गेले, दहा दिवस. त्यांच्या मागं काकू, दहा. वरच्या आळीतला नामदेव, दहा. मुंबईला असलेला नाना, दहा. आणखी दोन सुतकं, तीन-तीन दिवसांची. सेहेचाळीस दिवस. इतके दिवस देवावर फडकं टाकलेलं, दिवा नाही, आरती नाही, आणि गोळी नाही. हे दिवस मी चुकलेल्यात कधी धरलेच नव्हते. मला ते चुकल्यासारखे वाटतच नव्हते. उलट एकदा मनात आलतं की बरं आहे, बहार धरायला बागेला ताण देतो, पाणी तोडतो, तसा शरीराला जरा ताण बसतोय. पण झाडाचं मला कळतं. रक्ताचं काय कळतं?

आणि उरलेल्या पट्ट्या? त्या मला दिसत होत्या. देवीच्या पाटामागं मी त्या एकावर एक रचून ठेवत होतो. डॉक्टरीणबाई विचारायच्या तेव्हा त्या पट्ट्या माझ्या डोळ्यांपुढं यायच्या, आणि तरी मी न्हाई म्हणायचो. हे सोवळं नव्हतं, हा माझा ताठा होता. त्या तरण्या डॉक्टरीणबाईपुढं चुकलो म्हणायचं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो. हातपाय धुतले, दिवा लावायला बसणार, तर दत्ताचा फोन वाजला. पुण्याला राहणारा माझा चुलतभाऊ दुपारी गेला होता. तिकडचं सगळं तिकडंच उरकलं होतं. सुनबाई नेहमीसारखी धुतलेलं फडकं घेऊन आली आणि दारातच थांबली. "मामा, देवावर टाकता ना?"

मी फडकं हातात घेतलं. समोर देवी, तिच्यापुढं पट्टी. सुतक लागलेलं होतं, ऐकलं तेव्हाच लागलं. दुरून फडकं टाकण्यापुरतं सोडलं तर इतक्या वर्षांत सुतकात माझा हात देवघराच्या उंबऱ्याला लागला नव्हता. आई, वडील, सगळ्यांच्या वेळी पाळलं होतं. ती म्हातारी चुकीची असेल तर मी देव बाटवत होतो. ती बरोबर असेल तर इतके दिवस मीच मला मारत होतो, आणि नाव देवीचं घेत होतो. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. सुनबाई म्हणते, थोडाच. मी मनात म्हटलं, बाई गं, दुपारी तुला विचारलं तेव्हा तू गप होतीस. आता मी विचारत नाही. तुला राग आला तर तुझा, पण मला ठेवायचं का न्यायचं ते आता तुझं तू बघ, त्यातलं मला काही कळत नाही. आणि हात आत घातला.

"मामा! सुतक हाय!"

"हाय. मला भाकर वाढ."

देवीपुढची पट्टी काढली, मंग पाटामागच्या सगळ्या काढल्या. त्या सुनबाईपुढं ठेवल्या. ती खाली बसली. एकेक पट्टी हातात घेऊन बघत राहिली. मंग म्हणाली, "एवढ्या? आम्ही विचारलं असतं तर तुम्ही अंगावर आला असता." खरं होतं. जेवलो, आणि तिच्या हातून गोळी घेतली. देव रागावला असेल तर मला त्या घासाला तरी कळलं नाही. त्या दिवसापासून पट्टी भाकरीच्या टोपल्यात असते, आणि सुनबाई ओसरीवर कोणी असो नसो, मोठ्यानं विचारते.

पुढचं इथंच सांगून टाकतो. आकडा तीन महिन्यांनी थोडा उतरला, सहा महिन्यांनी बराच. जुनीच गोळी चालू आहे. हे गोळीचं काम आहे, त्याचा चमत्कार करून मला सांगायचा नाही. मला सांगायचं ते एवढंच की मी टेकडीवर देवीला कौल मागत होतो आणि तो मला हवा तसा, हवा तिथं मिळावा अशी माझी अपेक्षा होती. कौल मिळाला तो खाली, जिला पायरीला पाय लावता येत नव्हता अशा बाईकडून, तेही टोमणे मारून. तिनं पाणी मागितलं नसतं तर मी घरी जाऊन गोळी बंदच केली असती. ही वेळ कोणी जुळवली, हे मी कोणाशी वाद घालून सांगत नाही. मी फक्त रोज हात जोडतो, वर एकदा आणि खाली एकदा. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून पडणं असं मला वाटायचं. आता वाटतं, ते माझ्यासारख्यासाठी फार सोपं झालं असतं. मला जे जड होतं तेच माझ्याकडून मागितलं गेलं.

ते जड काम अंबडहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. पहिल्या गाडीनं जालन्याला, तिथून पुढं शहरातल्या दवाखान्यात. सुनबाई सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. हे एकट्यानंच करायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी मगज काढायच्या तपासणीचा कागद भरून ठेवला होता. त्यांनी वर बघितलं आणि नेहमीचंच विचारलं, "बाबा, एकही दिवस चुकला नाही ना?" खुर्ची होती, पण मी बसलो नाही. टोपी काढली. माझ्या नातीच्या वयाची ती पोर, तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणालो, "बाई, सेहेचाळीस दिवस चुकले. दर वेळी तुम्हाला खोटं सांगितलं. औषध बराबर हाय, चुकलो मी."