भासऱ्यांसमोर लावलेला पट्टा

अठरा जानेवारी, दुपार. चंद्रपूरचा दवाखाना, दुसरा मजला. हजर : पलंगावर इंदूबाई, खुर्चीत त्यांचे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, नामदेवभाऊ, उशाशी भाऊंची सून वैशाली, आणि दारात मी. इंदूबाईंना धाप लागत होती, तरी आम्ही मूल गावाहून कसे आलो याची चौकशी झालीच. भाड्याच्या जीपने, म्हटल्यावर त्या वैशालीकडे बघत म्हणाल्या, "दारात गाडी उभी, तुले चालवता येते, अन जीपीत कोंबून आले?" वैशालीने सासऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी इंदूबाई गेल्या.

मूलच्या शाळेत आम्ही बरोबरीने शिकवलं. त्यांचे यजमान अचानक गेले तेव्हा मागे एक मारुती राहिली. ती विकावी असं घरात ठरलं होतं. इंदूबाईंनी विकू दिली नाही. राइस मिलच्या धान वाळवायच्या अंगणात, मिलच्या ड्रायव्हरकडून, सुट्टीच्या दिवशी त्या गाडी शिकल्या. मागच्या सीटवर पहिल्या दिवसापासून मी. नवरा गेलेली बाई गाडी चालवते, यावर गावात बरंच बोललं गेलं. त्या म्हणत, काय नेसावं, कुठे जावं, कधी हसावं, सगळं लोक सांगतात. गाडीत बसलं की कोणी काही सांगत नाही.

म्हणून गाडीतल्या पट्ट्याचा, सीटबेल्टचा कायदा त्यांना झोंबला. कायदा आधीपासूनच होता, पण आमच्या रस्त्यावर पोलीस तो विचारू लागले शतक बदललं त्या सुमारास. चंद्रपूरच्या नाक्यावर त्यांनी शिपायाशी वादच घातला. मी बेफाम चालवली, कोणाला उडवलं, तर अडवा. पट्टा न लावल्याने मरेन ती मी, त्यात सरकारचं काय? शिपाई शांतपणे म्हणाला, "बाई, तुमाले गाडीतून काढाले आमालेच या लागते." त्यावर त्या हसल्या, पावती घेतली, पट्टा लावला आणि पुढच्या वळणावर काढून टाकला. मी कायद्याच्या बाजूची. कोणी एकटं मरत नाही, मागे घर असतं, असं माझं म्हणणं. मग घरच्यांनी विनवावं, दंड कशाला, असं त्यांचं. मूल ते चंद्रपूर, दोन्ही बाजूंना जंगल आणि आत आमचा हा वाद... तो कधी संपला नाही.

एका महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला निघालो. पुढे भाऊ, मागे वैशाली आणि मी. भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर हवाच, हा त्या घरचा नियम. दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून भाऊ गाडीत असले की इंदूबाई पदराचा काठ दातांत धरून चालवत. सावली गावाच्या पुढे रानडुक्कर आडवं आलं. ब्रेक लागला, पदर डोळ्यांवर घसरला, गाडी रस्त्याखाली उतरून पळसाच्या झाडाजवळ थांबली. भाऊंचं कपाळ काचेवर आपटून टेंगूळ आलं. बाकी सगळे ठीक. भाऊ खाली उतरले, फेरी मारून इंदूबाईंच्या दाराशी आले आणि हात पुढे केला.

"चाबी दे, इंदू. बाईमाणसाचं काम नाई हे. इकून टाकू गाडी."

इंदूबाईंनी चावी दिली नाही. पदर डोक्यावरून उतरवला, पुढे घेऊन कमरेला खोचला आणि त्यावरून पट्टा ओढून लावला. कोणी न सांगता लावलेला तो पहिलाच.

"भाऊजी, डोळ्यावर पदर आला म्हणून रस्ता दिसला नाई. आता पदर पट्ट्याखाली दबला, डोक्यावर येत नाई. तुमीबी बसा अन लावा."

"सरकार म्हणते म्हणून?"

"मी म्हणते म्हणून. पट्टा बाईलेबी सांगते, माणसालेबी सांगते. पदर मले एकटीलेच."

भाऊ फेरी मारून परत आपल्या जागी येऊन बसले. पट्टा त्यांना लावता येईना. इंदूबाईंनीच वाकून लावून दिला. गाडी विकायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही, आणि भासऱ्यांसमोर गाडीत पदर डोक्यावर गेला नाही.

परतल्यावर मी डिवचलं, पटला ना शेवटी कायदा? त्या म्हणाल्या, "जाच तो जाचच, बापा. सगळ्यायले सारखा हाय, एवढंच. लावते आपल्या मर्जीनं." पट्टा मग त्यांनी रोज लावला आणि कायद्याला शेवटपर्यंत नावं ठेवली. मी आजही कायद्याच्या बाजूची आहे. पण आपल्या भल्यासाठी म्हणून कोणी काही लादलं, की ते कोणाकोणाला लागू आहे हे मी आधी विचारते. पूर्वी विचारत नसे.

वैशालीला त्यांनी त्याच धानाच्या अंगणात शिकवलं. लायसन झालं, पण भाऊंनी तिला गाडी कधी बाहेर काढू दिली नव्हती. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा भाऊ चावी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "उभी राहून खराब होईन. तू चालव. पट्टा लावत जा," एवढंच बोलले. पदराचं काही बोलले नाहीत.

गेल्या रविवारी मी वैशालीशेजारी जाऊन बसले. या जुन्या गाडीचा पट्टा आपोआप आवळत नाही. चालवणाऱ्याच्या अंगाप्रमाणे हाताने आखूड-लांब करावा लागतो. इंदूबाई अंगाने भरलेल्या, वैशाली काडी. इंदूबाईंच्या मापावर राहिलेला पट्टा तिच्या मांडीवर सैल पडला. "आखूड करू का बाई?" तिने विचारलं. मी म्हटलं, कर. तिने कडीला बोट लावलं आणि तशीच थांबली... मीही घाई केली नाही. सैल पट्ट्यावर मात्र गाडी काढायची नाही, हे मी बजावलं आहे. सोमवारी तिला चंद्रपूरला जायचं आहे, भाऊंना घेऊन. त्याआधी तो पट्टा आखूड करायचा राहिला आहे.